नाताळनंतरचे रविवार

शैलेंद्रने घंटेची दोरी तिसऱ्यांदा ओढली आणि दारात येऊन पाहिलं. बरगीच्या धरणावरून उठलेलं धुकं चर्चच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं. त्यातून एक कुत्रं तेवढं बाहेर आलं, त्याच्याकडे बघून परत धुक्यात गेलं.

आत अकरा माणसं होती, त्यांतली तीन लहान मुलं. तीनच दिवसांपूर्वी, नाताळला, याच बाकांवर बसायला जागा पुरली नव्हती. रांझीच्या फॅक्टरी क्वार्टर्समधून, जबलपूर शहरातून, पार नागपूरहून सगळ्यांचे पाहुणे गावी आले होते. बाहेर सतरंज्या अंथराव्या लागल्या होत्या. लोक झाडाला टेकून उभे राहून त्याचं बोलणं ऐकत होते.

"पास्टरजी, शुरू करो," चर्च झाडणारी राधाबाई म्हणाली. "अब कोई नहीं आएगा. सब मटर तोडने गए हैं."

शैलेंद्रने पांढऱ्या झग्याची बटणं लावली आणि सुरुवात केली.

आजच्या संदेशावर तो चार दिवस बसला होता. त्या रात्री बेथलेहेमला जाऊन बाळाला पाहून आलेले मेंढपाळ दुसऱ्या दिवशी सकाळी काय करत असतील, असा विषय होता. देवदूत निघून गेलेले, आभाळ पुन्हा नेहमीसारखं काळं, मेंढरं तीच, थंडीही तीच. नाताळनंतरचे रविवार असेच असतात, असं त्याला सांगायचं होतं. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस लागेपर्यंत या रविवारांना ना सण, ना गाणी, ना पाहुणे. पाळकाची खरी परीक्षा याच थंडीत होते. हे शेवटचं वाक्य त्याने वहीत लिहून मग खोडलं होतं, कारण ते मंडळीपेक्षा स्वतःलाच जास्त सांगितल्यासारखं झालं होतं.

तो पंचवीस मिनिटं बोलला. त्याचा आवाज चांगला होता, खर्जातला, आणि दगडी भिंतींमुळे तो आणखी भरल्यासारखा वाटे. पण बाकांवर शालींच्या गुंडाळ्याच दिसत होत्या, चेहरे दिसत नव्हते. दोन जण झोपले होते.

आशीर्वचन झालं. तो दारात जाऊन उभा राहिला, एकेकाचा हात हातात घेतला. थंडगार हात. तीन मिनिटांत चर्च रिकामं झालं.

पण लोक घरी गेले नाहीत. दर रविवारप्रमाणे ते डावीकडे वळले, बंद पडलेल्या मिशन दवाखान्याच्या मागे. तिथल्या दोन खोल्यांत अण्णा राहायचे, आणि अण्णांच्या अंगणात सगळ्यांत आधी ऊन यायचं.

शैलेंद्र झगा काढता काढता मागच्या खोलीच्या खिडकीतून बघत राहिला. ते अकरा तर होतेच, शिवाय पहाटेपासून मटार तोडून आलेल्या बायका होत्या, धरणावर जाळी टाकून परतलेले दोघं-तिघं होते. पंचवीस तरी माणसं असतील. उपासनेला यायला ज्यांना वेळ नव्हता, त्यांना तिथं बसायला वेळ होता. मधोमध लोखंडी खुर्चीत कानटोपी घालून अण्णा बसले होते. मांडीवर ताट, ताटात शेंगा. त्यांच्या उजव्या हाताला, खाली पोत्यावर, शैलेंद्रची बायको विनता बसली होती.

अण्णा, म्हणजे रेव्हरंड अंबादास मिसाळ, मूळचे अचलपूरकडचे. या गावात सव्वीस वर्षं पाळक होते आणि निवृत्त होऊनही आता पंधरा वर्षं झाली होती. बायको इथंच पुरलेली, म्हणून ते कुठं गेले नाहीत. मधे दोन पाळक येऊन बदली घेऊन गेले. तीन वर्षांपूर्वी शैलेंद्र आला. आधीच्या दोघांच्या वेळी अण्णा दर रविवारी पहिल्या बाकावर असायचे, हे त्याला गावातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. त्याच्या वेळी ते एकदाच आले. त्याच्या पहिल्या नाताळला. त्यानंतर चर्चची पायरी चढले नाहीत.

"गुडघे दुखतात त्यांचे," विनता म्हणायची.

राधाबाईचं कारण वेगळं होतं. ते ती फार आदराने सांगायची. अण्णाजी म्हणतात, मी आत बसलो तर लोक माझ्याचकडे बघतील, पास्टरकडे बघणार नाहीत.

शैलेंद्रला हे कारण गुडघ्यांपेक्षा जास्त दुखायचं. यात नम्रता किती आणि घमेंड किती, याचा हिशेब त्याला कधी लागला नाही. आणि खोटं तरी कसं म्हणावं? लोकांनी बघितलंच असतं.

दुपारी जेवताना विनता म्हणाली, "अण्णा आज मस्त बोलले. मेंढपाळांबद्दल."

"मेंढपाळांबद्दल मी बोललो."

"हो नं, त्याच्यावरूनच निघालं. ते म्हणाले, ते मेंढपाळ सकाळी परत आले तेव्हा पहिलं काम काय केलं असंल? मेंढरं मोजली असतील. अन् एखादं कमी भरलं असंल. रातभर कळप सोडून गेले होते, लांडग्यानं नेलं असंल एखादं. पण त्याच्यासाठी कोणी म्हटलं नाही की आपण उगाच गेलो." तिने भाताचा घास तसाच हातात धरला. "राधाबाई रडली. तिचा पोरगा गेला होता नं धरणात, एका नाताळच्या दिवशी. ती चर्चमध्ये होती तेव्हा."

चार दिवस शैलेंद्र त्या मेंढपाळांसोबत राहिला होता, त्यांचं आभाळ, त्यांची थंडी, सगळं त्याने पाहिलं होतं, आणि मेंढरं मोजायचं त्याला सुचलं नव्हतं. त्याने वरण वाढून घेतलं. मग लक्षात आलं की ताटात आधीचंच वरण आहे.

पुढच्या रविवारी नऊ माणसं होती.

उपासनेनंतर तो चर्चला कुलूप लावत होता, तेव्हा अण्णांच्या अंगणातून हसण्याचा आवाज आला. एक बाई हसत होती, अगदी खळखळून, मधे श्वास घ्यायला थांबत आणि पुन्हा हसत. कोण हसतंय हे त्याला क्षणभर कळलं नाही. कळलं तेव्हा किल्ली कुलपात तशीच राहिली. मुलगी नर्सिंगला नागपूरला गेल्यापासून विनता अशी हसलेली त्याला आठवत नव्हती. त्याआधी तरी कधी हसली होती? रांझीला असताना, लग्न नवीन असताना, बहुतेक. तिचा चेहरा इथून दिसत नव्हता. तो बघायला दोन पावलं पुढे गेला, आणि मग आपण असे चोरासारखे वाकून बघतो आहोत हे जाणवून मागे फिरला.

त्या दुपारी त्याने बिशप कार्यालयाला पत्र लिहिलं.

नियम जुनाच होता: निवृत्त पाळकाने आपल्या शेवटच्या मंडळीच्या हद्दीत राहू नये. गेल्या पंधरा वर्षांत तो कोणी उकरून काढला नव्हता. शैलेंद्रनेही नुसता उल्लेख केला. मुख्य मजकूर काळजीचा होता. वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात एकटे. धरणाच्या काठची थंडी बाधणारी. जवळ दवाखाना नाही. रात्री-अपरात्री काही झालं तर नर्मदेवरचा तिलवाराचा पूल ओलांडून जबलपूर गाठेपर्यंत तास मोडतो. धर्मप्रांताच्या वृद्धाश्रमात सोय व्हावी. त्याने पत्र दोनदा वाचलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. तरीही विनता चहा घेऊन आली तेव्हा त्याने लॅपटॉप मिटला.

दोन दिवसांनी कार्यालयातून सचिव चंद्रशेखरचा फोन आला. "बहुत अच्छा सोचा आपने, पास्टर. आजकल कौन किसी बुजुर्ग की इतनी फिक्र करता है?"

"वो तो करना ही पडता है," शैलेंद्र म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ हात धूत बसला.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात थंडीची लाट आली. शाळा बंद ठेवल्या, बसगाड्या दिवे लावून चालू लागल्या. त्या बुधवारी सकाळी राधाबाई दारात आली. अण्णांनी बोलावलंय. डाकवाल्याने काही आणून दिलंय.

अण्णा अंगणातच होते, एकटे. ऊन नुकतंच भिंतीवरून उतरलं होतं. त्यांनी स्वेटरच्या आतून लिफाफा काढला. तो उघडलेला होता.

"ये. बस. हे कार्यालयाचं दिसून राहिलं, पण अक्षरं नुसत्या मुंग्या. वाच जरा."

शैलेंद्र पोत्यावर बसला, विनता बसायची तिथंच. पत्र इंग्रजीत होतं. तो एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागला. आपल्या दीर्घ सेवेबद्दल धर्मप्रांत ऋणी आहे. आपल्या प्रकृतीची काळजी वाटते. वृद्धाश्रमात तळमजल्यावरची खोली राखून ठेवली आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपर्यंत यावं. अण्णांचे हात शेंगा सोलत होते. दाणे ताटात पडत होते, टप टप.

पुढच्या परिच्छेदाशी तो थांबला.

"काहून थांबला?"

"काही नाही."

ते वाक्य सोडून पुढे जाता आलं असतं. अण्णांना अक्षर दिसत नव्हतं. आज ना उद्या दुसरं कोणी त्यांना वाचून दाखवेल ही भीती होतीच, पण तिच्यामुळे त्याने ते वाक्य वाचलं असं नाही. का वाचलं, ते त्याला नंतरही नीट सांगता आलं नाही.

"सध्याचे पाळक रेव्हरंड शैलेंद्र वाघचौरे यांनी केलेल्या विनंतीवरून," तो म्हणाला, "हा निर्णय घेण्यात येत आहे."

टप टप थांबली.

"तू लिहिलं?"

"हो."

"काहून?"

सगळी कारणं त्याच्याकडे तयार होती, पत्रात होती तशीच, क्रमाने. "थंडी..." त्याने सुरुवात केली. अण्णा वाट बघत राहिले. त्यांचे दुधाळ डोळे त्याच्या चेहऱ्याच्या जरा बाजूला, कानाकडे बघत होते.

"विनता इथं हसते," शैलेंद्र म्हणाला. "घरी नाही हसत."

बोलून गेल्यावर त्याला वाटलं, जमिनीत शिरावं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, झगा घालून लोकांना क्षमा सांगणारा.

अण्णांनी ताट खाली ठेवलं.

"त्या दिवशी ती तुझ्यावरच हसून राहिली होती," ते म्हणाले. "मी तुझी नक्कल करत होतो. 'प्रियजनहो' म्हणताना तू एक श्वास घेतो नं, मोठा, नदीत बुडी मारल्यासारखा? ते."

"तुम्ही तर चर्चला येत नाही. तुम्हाला काय माहीत?"

अण्णांनी कानटोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"मागच्या खिडकीखाली उभा राहतो," ते म्हणाले. "दर रविवारी. काठी घेऊन, भिंत धरून. तू आशीर्वचन सुरू केलं की परत फिरतो, म्हणजे लोक यायच्या आत खुर्चीत असतो."

"या थंडीत?"

"आधीचे दोघं आले तेव्हा मी आत बसायचो. खुशाल. ते माझ्यापेक्षा वाईट बोलायचे." अण्णा भिंतीकडे बघून बोलत होते. "तू आला. तो पहिला नाताळ. तू तोंड उघडलं अन् मला कळलं. सव्वीस वर्षं मी या लोकांना जे सांगायला बघत होतो, ते तू अर्ध्या तासात सांगून टाकलं, वरून असा आवाज. घरी आलो. दोन दिवस जेवलो नाही. राधाबाईला म्हटलं, पोट बिघडलं. पोट नव्हतं बिघडलं, बाप्पा."

"अण्णा..."

"अन् लोकांना ते सांगून दिलं, की मी आत बसलो तर माझ्याकडे बघतील म्हणून. खरं हे आहे की मला बसवतच नाही. कोणी तुझ्याकडे तसं बघून राहिलं की मला सहन होत नाही. पण ऐकल्याशिवायही राहवत नाही. मग इथं येऊन तुझंच बोललेलं माझं करून सांगतो."

शैलेंद्रने विचारलं, "ते मेंढरू कमी भरलं, ते?"

"ते माझं," अण्णा चटकन म्हणाले.

समोरून एक मोटरसायकल गेली, मागे मटारची दोन पोती बांधलेली. शैलेंद्रला या क्षणी शरम वाटायला हवी होती. कीव तरी यायला हवी होती. ब्याऐंशी वर्षांचा जवळजवळ आंधळा म्हातारा धुक्यात भिंत धरून उभा राहतो, हे ऐकून कोणालाही आली असती. पण छातीत काहीतरी गरम, गोड पसरत गेलं, आणि तो आनंद होता हे त्याने ओळखलं. तो लपवायला त्याने मान खाली घातली. मग आठवलं, अण्णांना एवढं दिसत नाही. तरी मान वर करवेना.

"मी कार्यालयाला फोन करतो," तो म्हणाला. "पत्र मागे घेतो."

"नको. डोळ्यांचं काम करावंच लागंल. अन् थंडीचं तू खरं लिहिलं आहे."

त्याने एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारावं असं घरी जाताना त्याच्या मनात आलं, पायही घुटमळले. पण अण्णा हो म्हणाले असते तर?

विनताला त्याने त्याच दिवशी सांगितलं. ती पोळ्या करत होती. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला.

"अण्णांना कळलं?"

"मीच वाचून दाखवलं."

तिने झालेल्या पोळ्या डब्यात भरल्या. "जेवून घ्या," म्हणाली. त्यानंतर चार दिवस ती त्याच्यासोबत जेवायला बसली नाही.

गावात अण्णांनी स्वतःच सांगितलं की डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मीच खोली मागून घेतली. शैलेंद्र आभार मानायला गेला, तर ते चिडले. "तुझ्यासाठी नाही सांगितलं. या वयात हाकललं म्हणून सांगायला मला लाज वाटते."

शेवटच्या रविवारी अण्णा चर्चमध्ये आले. बातमी आधीच पसरली होती, मटारवाल्याही आल्या होत्या; नाताळइतके नाही, तरी सत्तर-ऐंशी लोक होते. राधाबाईने त्यांना हाताला धरून पहिल्या बाकावर बसवलं आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. शैलेंद्र बोलायला उभा राहिला. माना तिकडेच. त्याने 'प्रियजनहो' म्हणायला मोठा श्वास घेतला, आणि पहिल्या बाकावरचा म्हातारा गालातल्या गालात हसला. तेवढ्याने सगळ्या चर्चमध्ये हसू पसरलं. विनताने पदर तोंडाला लावला. शैलेंद्र आपल्या जागी उभा होता, कान तापलेले, आणि मग त्यालाही हसू आलं. त्या दिवशी तो बरा बोलला. सगळ्यांत चांगला नाही. अण्णा शेवटपर्यंत खाली मान घालून ऐकत होते, हाताची मूठ गुडघ्यावर घट्ट आवळलेली.

आशीर्वचनाच्या वेळी शैलेंद्र खाली उतरला, त्यांचा हात धरून त्यांना वर आणलं आणि बाजूला झाला. अण्णांचा आवाज पिचलेला होता, दोनदा शब्द अडले. लोक रडत होते. शैलेंद्रने त्या रडणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या आत ती जुनी सुई टोचलीच. त्याने डोळे मिटून घेतले आणि हात जोडले.

सोमवारी धर्मप्रांताची जीप आली. दोन ट्रंका, लोखंडी खुर्ची, बायकोचा फोटो. अण्णा गेले.

पुढच्या रविवारी चौदा माणसं होती. धुकं विरळ झालं होतं, तरी फरशी अजून पायांना झोंबत होती. उपासनेनंतर विनताने चर्चच्या ओट्यावर सतरंजी टाकली, चहा आणला. लोक चहा प्यायले, नमस्कार करून आपापल्या घरी गेले. राधाबाई मात्र थोडा वेळ बसली. विनता तिच्याजवळ बसून राहिली; दोघी काहीतरी हळू आवाजात बोलत होत्या आणि शैलेंद्र जवळ आल्यावर गप्प झाल्या नाहीत.

त्याचा फोन वाजला.

"झाली उपासना?" अण्णा होते.

"झाली. तुम्ही कसे आहात? डोळे?"

"एक झाला. पट्टी आहे. आज काय बोलला?"

शैलेंद्र पायऱ्या उतरून खाली आला आणि फेऱ्या मारत सांगू लागला. सुरुवात, मधली गोष्ट, शेवट. अण्णा मधे मधे हुंकार देत होते. "मधलं लांबलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "किती होते?"

"चौदा."

"चांगले आहेत. माझ्या वेळी या दिवसांत सहा-सात असायचे."

"खरं?"

"कोणाला सांगू नको."

दोघंही जरासे हसले. पलीकडे कोणाच्या तरी भांड्यांचा आवाज येत होता.

"इथं रविवारी एक तरुण पाळक येतो," अण्णा म्हणाले. "अनुपम म्हणून. गिटार आणतो सोबत. म्हातारे-म्हाताऱ्या लय खूश असतात. आज एक जण टाळ्या वाजवून राहिला होता."

शैलेंद्र फेऱ्या मारायचा थांबला. पायरीवर पडलेली वाळकी काडी त्याने बुटाने बाजूला केली.

"बोलतो कसा?"

"बरा बोलतो." अण्णा थोडं थांबले. "तुझ्यासारखा नाही."

धरणावरून वारा येत नव्हता. फोनवर अण्णांचा श्वाससुद्धा स्वच्छ ऐकू येत होता. शैलेंद्रने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आवाज तुटून राहिला, अण्णा," तो म्हणाला. "काय म्हणाले?"